आठ जनुकांचा पाहुणा

ऐका पोरींनो. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी एकच पोथी बाळगून असते, सुमारे वीस हजार जनुकांची. डोळ्याची पेशी त्यातली काही पानं वाचते, यकृताची पेशी दुसरीच. कुठलं पान कधी उघडायचं नि कधी मिटायचं, यावर तिचा सगळा संसार चालतो.

गर्भाशयाच्या मुखावरही तसंच. अस्तराच्या तळाशी पेशी जन्मते, वर सरकते, वाढीची पानं मिटत जातात, ती चपटी होते आणि गळून पडते. तिथं कधी एचपीव्ही नावाचा विषाणू शिरतो. त्याची जनुकं अवघी आठ! बहुतेकदा शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. पण १६ किंवा १८ क्रमांकाचा एचपीव्ही ठाण मांडून बसला, की काळजीचं कारण.

पेशीकडे दोन राखणदार प्रथिनं असतात. आरबी तिला उगाच दुप्पट होऊ देत नाही. पी-५३ बिघडलेल्या पेशीला थांबवतं, वेळ पडली तर मरायला लावतं. विषाणूचं ई-७ जनुक आरबीला निकामी करतं आणि ई-६ पी-५३ चा फडशा पाडायला लावतं. पेशी मग पी-१६ नावाचं, वाढ रोखणारं प्रथिन भरमसाट बनवू लागते. बिचारीची धडपड वाया जाते, कारण पी-१६ चं काम आरबीमार्फतच व्हायचं असतं. तपासणीत याच पी-१६ ला रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराचा तो भाग गडद तपकिरी दिसतो.

आता नवल ऐका. विषाणूच्याच ई-२ जनुकाचा ई-६ आणि ई-७ वर वचक असतो. विषाणूचा डीएनए गोल कड्यासारखा. ते कडं तुटून आपल्या डीएनएत घुसतं तेव्हा बरेचदा ई-२ च मोडतं. मग ई-६ आणि ई-७ मोकाट सुटतात, वर्षानुवर्षं चुका साठतात. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं ई-कॅड्हेरिन कमी होतं, ऊती कुरतडणारी एमएमपी विकरं वाढतात. अस्तराखालचा पातळ पडदा फाटतो आणि पेशी आत उतरते. तो खरा कर्करोग. इथवर यायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखावरच्या अशाच गाठीतल्या पेशी घेतल्या गेल्या, तिला न विचारता. हा अन्यायच होता. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यात १८ क्रमांकाचा विषाणू आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शास्त्रज्ञांनी त्या पेशींत ई-२ पुन्हा घातलं. ई-६, ई-७ गप्प झाली, राखणदार जागे झाले आणि इतकी वर्षं न थांबलेल्या पेशी वाढायच्या थांबल्या. पी-५३ चं पान त्यांच्यात सगळा काळ शाबूत होतं!

हा उपाय अजून दवाखान्यात आलेला नाही. पण ती १५-२० वर्षं आपल्या हातात आहेत. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्यांना एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळाले, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत चाचणी न मिळालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मेच झाले. तेव्हा तुम्ही एचपीव्हीची लस घ्या, आणि आईला, मावशीला, काकूला एचपीव्ही चाचणीसाठी घेऊन जा. त्रास नसला तरी.