रेडिओवरची लढाई

१९७१च्या भारत-पाकिस्तान लढाईत मी पूर्व आघाडीवर सिग्नल्सच्या तुकडीत होतो. पलटणींचे निरोप इकडून तिकडे पोचवणं हे आमचं काम. ड्यूटी संपली की ट्रान्झिस्टरवर ढाका, कराची, कलकत्ता, लंडन, सगळी केंद्रं लावायचो. एकाच दिवसाची लढाई प्रत्येक ठिकाणी वेगळीच ऐकू यायची.

आपल्यांची हिंमत टिकवायची आणि समोरच्याची खचवायची, यासाठी युद्धात रेडिओ वापरतात. पहिलं काम स्वाधीन बांगला बेतार केंद्रानं केलं. मार्चमध्ये चितगावच्या कालुरघाटला सुरू झालेलं हे केंद्र पुढे कलकत्त्याहून चाले. त्यावर एम. आर. अख्तर मुकुल ‘चरमपत्र’मधून ढाक्याच्या बोलीत पाकिस्तानी लष्कराची खिल्ली उडवत, तेव्हा बांगलादेशासाठी लढणारी मुक्तिवाहिनीची पोरं हातातलं काम टाकून ऐकत बसत.

दुसरं काम आपले लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांच्या आवाहनांनी केलं. ती आकाशवाणीवर लागत, त्यांची पत्रकं विमानांतून पडत. सुटकेची वाट बंद झाली आहे, शस्त्रं खाली ठेवा, जिनिव्हा करारानुसार सन्मानानं वागवू, एवढंच सांगणं. यात थाप नव्हती. ४ डिसेंबरपासून विमानवाहू ‘विक्रांत’वरची विमानं चितगाव, कॉक्स बझारवर मारा करत होती. आपण कोंडले गेलोय हे समोरच्या जवानाला दिसतच होतं. म्हणून पुढचं वचनही त्याला खरं वाटलं असणार, असं मी मानतो.

याउलट १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली, आणि त्याच संध्याकाळी पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान रेडिओवर युद्ध चालूच राहील म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना शस्त्रसंधी मान्य करावी लागली.

गर्जना एक आणि घडतं वेगळंच, हे आमच्या नांदेड-लातूरकडच्या वडीलधाऱ्यांनी आधीच अनुभवलं होतं. लातुरात वकिली केलेला रझाकारांचा नेता कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गर्जना करायचा. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला खुद्द निजामानं रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. कंधारला एका अडत्याकडे बॅटरीवर चालणारा सेट होता. ती बातमी ऐकायला त्याच्या दुकानापुढे गाव लोटलं होतं, असं वडील सांगत.

ढाक्यानंतर सुमारे ९३,००० युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. ते टप्प्याटप्प्यानं परत गेले. ढाक्यात शरण आलेले जनरल नियाझी ३० एप्रिल १९७४ला वाघ्यावरून पलीकडे गेले. रेडिओवर दिलेला शब्द देशानं पाळला, याचा मला सैनिक म्हणून अभिमान आहे.

आता रेडिओच्या जागी मोबाइल आला. मे २०२५च्या भारत-पाकिस्तान संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून मोबाइलवर फिरली, आपल्याकडच्याही अनेकांनी ती पुढे पाठवली. खोट्यानं चार तास जोश येतो, पण पुढे आपलं खरंही कुणी ऐकत नाही. सीमेवरच्या पोराला घरच्यांची साथ द्यायची असेल, तर खात्री नसलेला व्हिडिओ आपल्याच फोनवर थांबवा.