दगड झालेला चिखल काय सांगतो?



उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि पोल काढला की ऊस पक्व की कोवळा ते केमिस्ट फडात न जाता सांगतात. दगडाचंही तसंच आहे. नदीने वाहून नेलेला बारीक गाळ समुद्रात थरावर थर बसतो, वरच्या भाराने दाबून घट्ट होतो. तो शेल किंवा पंकाश्म. त्याचे कण इतके बारीक, की साध्या भिंगाखाली मूळ खडक ओळखू येत नाही. तिथे रासायनिक पृथक्करणच करावं लागतं.

वर्म असं आहे : खडक पावसापाण्याने कुजू लागला की चुना, सोडा, पालाश हळूहळू विरघळून वाहून जातात. ॲल्युमिना मात्र मातीला धरून बसतो. म्हणून या चौघांच्या रेणूंची बेरीज शंभर धरायची आणि त्यात ॲल्युमिना किती ते पाहायचं. ताज्या ग्रॅनाइटचा आकडा ५० च्या आसपास, आपल्या काळ्या पाषाणाचा त्याहून कमी, सर्वसाधारण शेलचा ७० ते ७५, आणि शुद्ध चिनी मातीचा जवळजवळ १००.

नेस्बिट आणि यंग या शास्त्रज्ञांनी १९८२ साली कॅनडात ह्यूरन सरोवराच्या उत्तरेकडच्या, दोन अब्ज वर्षांहून जुन्या दगडांना ही कसोटी लावली. हिमनद्यांच्या काळातल्या थरांत आकडा कमी निघाला. बर्फाने खडक दळला, पण कुजवला नाही! नंतरच्या थरांत तो चढला, म्हणजे हवा उबदार नि दमट झाली होती. त्या काळचा पाऊस मोजायला कोण बसलं होतं? पण गाळात नोंद राहिली.

मूळ खडक कोणता, हे निकेल, क्रोमियम आणि थोरियमवरून कळतं. पहिले दोन काळ्या पाषाणात जास्त, तिसरं ग्रॅनाइटात.

एक सावधगिरी मात्र हवी. गाळात चुनखडी असेल तर तिचा चुना हिशेबातून वजा करावा लागतो, नाहीतर चांगला कुजलेला गाळही ताजा दिसतो. काळ्या रानातले चुनखडीचे खडे आपल्या ओळखीचेच आहेत.

आपली काळी मातीही पाषाण कुजूनच झाली. फरक पडतो तो निचऱ्याचा. उताराच्या रानातून सुटलेला सोडा पाण्याबरोबर निघून जातो. खोलगट, भरपूर पाटपाण्याच्या रानात तो जागीच साठतो आणि जमीन चोपण होते. जिप्सम टाकलं तरी सुटा झालेला सोडा बाहेर काढायला चर लागतोच. म्हणून आम्ही आधी चराचं पाहा म्हणतो, जिप्समची पोती मागाहून.