काहीही करायचं नाही!

‘दोन दिवस काहीही करायचं नाही!’ मुळशीच्या रिसॉर्टची ही जाहिरात वाचून आम्ही चौघं शनिवारी सकाळी चांदणी चौकातून सुटलो. पिरंगुटला मिसळ, पौडला चहा आणि दुपारी थेट धरणाच्या पाण्यासमोर खुर्ची. मोबाईलला रेंज नाही. सुख सुख म्हणतात ते हेच!

बाकीचे तिघं घोरायला लागले, तेव्हा मी सॅकमधून एक छोटंसं पुस्तक काढलं. श्टेफान त्स्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाची बुद्धिबळावरची कादंबरी. शंभर पानंसुद्धा नाहीत. म्हटलं, चहा येईपर्यंत संपेल. चहा आला आणि समोर गार होऊन गेला...

गोष्ट घडते न्यूयॉर्कहून ब्युनोस आयर्सला निघालेल्या बोटीवर. बोटीवर जगज्जेता चेंटोविच आहे. उद्धट, पैसे मोजून घेतल्याशिवाय प्यादंही न हलवणारा. प्रवासी त्याच्याशी खेळून हरतायत. एवढ्यात गर्दीतला एक अनोळखी माणूस पुढची चाल सुचवतो आणि हरलेला डाव बरोबरीत सुटतो. कोण हा? डॉ. बी. पंचवीस वर्षांत पटाला हातही न लावलेला!

मग तो शिकला कुठे? इथेच कादंबरी अंगावर येते. डॉ. बी. व्हिएन्नातला वकील. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर गेस्टापो त्याला उचलते. त्याच्या अशिलांचा पैसा कुठे आहे, हे त्यांना हवंय. पण ना मारहाण, ना छळछावणी. त्याला ठेवतात मेट्रोपोल हॉटेलच्या एका खोलीत. पलंग, टेबल, खिडकी. पुस्तक नाही, पेन्सिल नाही, घड्याळ नाही, बोलायला माणूस नाही. म्हणजे काय, तर काहीही करायचं नाही.

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. जे मी पैसे भरून विकत घेतलं होतं, तीच या माणसाची शिक्षा होती! फरक एकच. माझ्या खिशात गाडीची किल्ली होती.

चौकशीसाठी ताटकळत उभा असताना डॉ. बी. कुणाच्या तरी ओव्हरकोटच्या खिशातून एक पुस्तक लांबवतो. मनात आशा, होमर असेल, गटे असेल. निघतात बुद्धिबळाचे दीडशे डाव! चौकड्यांच्या चादरीचा पट आणि ब्रेडच्या सोंगट्या करून तो वेडा व्हायचा वाचतो. पण सगळे डाव पाठ झाल्यावर तो स्वतःशीच खेळायला लागतो. पांढराही मी, काळाही मी. पुढे काय होतं, ते मी सांगणार नाही.

आपल्याला तुरुंगातल्या पुस्तकांचं कौतुक भारी. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिलं, साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’. पण दोघांच्या हाताशी निदान कागद होता. माणसाला मोडायचं तर आधी त्याचा कागद काढून घ्यायचा, हे नाझींना नेमकं कळलं होतं. १९३३ मध्ये त्यांनी जाळलेल्या पुस्तकांत त्स्वाइगचीही होती. १९३४ मध्ये त्याने देश सोडला आणि ब्राझीलमध्ये ही कादंबरी पूर्ण केली. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याने पत्नी लोटेसह आत्महत्या केली. पुस्तक नंतर छापून आलं.

संध्याकाळी चहावाले काका म्हणाले, ‘‘एवढं काय वाचताय साहेब? पाणी बघा की!’’

पाणी बघितलं. आणि आठवलं, याच पाण्याखाली गावं आणि भातखाचरं आहेत. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने हे धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी इथे सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले आणि तुरुंगात गेले. आमच्या बिलावर ‘लेक व्ह्यू’चे पैसे वेगळे लावले होते. गावांचा उल्लेख कुठेच नव्हता.

रविवारी रात्री घरी येऊन कम्प्युटर उघडला. रोज झोपण्याआधी मी त्याच्याशी बुद्धिबळ खेळतो, एकटाच. पहिलं प्यादं पुढे टाकलं आणि थांबलो. बाबा अजून जागे होते.

‘‘बाबा, एक डाव?’’

‘‘पट माळ्यावर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि पांढरे माझे!’’

(इंग्रजीत हे पुस्तक ‘चेस’, ‘चेस स्टोरी’ किंवा ‘द रॉयल गेम’ या नावांनी मिळतं. बुद्धिबळ येत नसेल तरी बिनधास्त वाचा.)