पोट लहान झालं, पंगत तेवढीच

'सर, तब्येत बरी नाही का?' हा प्रश्न मला केदारखेड्याच्या बसथांब्यावर, शाळेच्या फाटकात, भोकरदनच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच. माझं वजन १२६ किलो होतं तेव्हा मात्र एकानंही तो विचारला नव्हता. तेव्हा मला रक्तदाब होता, मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि फळ्यावरचं उदाहरण संपेपर्यंत धाप लागायची. पण आपल्याकडे भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरचा माणूस. तो वाळला, की आजारी!

डिसेंबर २०२१ मध्ये मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. गावात तोवर या ऑपरेशनची एकच ओळख होती. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानानं मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं होतं, ती टीव्हीवरची बातमी. त्यामुळे 'तुम्ही काही तेवढे नाहीत सर', असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. पण मी गणिताचा शिक्षक. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं, की येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. माझी उंची १.७० मीटर. भागाकार आला ४३.६. पस्तीसच्या वर आकडा गेला की डॉक्टर या शस्त्रक्रियेचा सल्ला देऊ शकतात. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेघ आणखी खाली धरतात.

माझ्यावर झाली ती 'स्लीव्ह' पद्धतीची शस्त्रक्रिया. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा पाऊणहून अधिक भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी मागे ठेवतात. ज्या पोटात लिटरभर सहज मावायचं, त्यात आता कपभर मावतं. दुसरी पद्धत बायपासची. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. ती जुनी, १९६६ साली अमेरिकेत एडवर्ड मेसन या सर्जननं ती प्रथम केली. स्लीव्ह ही खरं तर फार जड रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनची पहिली पायरी म्हणून करत. पुढे लक्षात आलं, की बऱ्याच जणांचं काम या एका पायरीवरच होतं.

कापलेल्या भागाबरोबर आणखी एक गोष्ट जाते. भुकेची वर्दी देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने मला भूक अशी लागलीच नाही. घड्याळ बघून जेवायचो. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ: वरणाचं पाणी, ताक, हुलग्याचं माडगं. मग दोन-तीन आठवडे गुरगुट्या भात आणि घोटलेलं वरण. भाकरी तोंडात पडायला दोन महिने लागले, तीही वरणात कुस्करून. कोरडी भाकरी घाईनं गिळली की छातीच्या मध्यभागी अशी अडकते, की उठून बाहेर जावं लागतं. घास किती चावायचा याला डॉक्टरांचं उत्तर होतं, 'चव संपेपर्यंत.' जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिणं तर कायमचं बंद. आमच्याकडच्या मे महिन्यात ही शिक्षाच आहे. बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट-घोट प्यावं लागतं.

हे सगळं कागदावर लिहून मिळालं होतं. पंगतीत बसल्यावर काय करायचं, ते मात्र त्यात नव्हतं.

आमच्या भागात कुणाच्या घरी जाऊन 'नको' म्हणणं सोपं नाही. वाढपी बुंदीचा झारा घेऊन समोर उभा राहतो. तुम्ही पत्रावळीवर हात आडवा धरता, तो बोटांच्या फटीतून वाढतो. टाकावं तर अन्नाचा अपमान, खावं तर पोटात जागा नाही. पहिल्याच पोळ्याला भावकीतल्या एका घरी मी आग्रहाला बळी पडून अर्धी पुरणपोळी गुळवणीत बुडवून खाल्ली. वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा आला. गोड पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरला की असं होतं. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही सूट नाही. यजमान घाबरले ते वेगळंच.

त्यानंतर मी एक युक्ती काढली. लग्न असो की भंडारा, मी स्वतःच वरणाची बादली हातात घेतो. पंगतभर वाढत फिरायचं आणि शेवटी चार घास खायचे. वाढणाऱ्याला 'तुम्ही का जेवत नाही' असं कुणी विचारत नाही.

संकष्टीचा प्रश्न याहून अवघड निघाला. राजूरचा गणपती आमच्या जवळचा. मी वर्षानुवर्षं चतुर्थी केली. अंगारकीला पहाटे चालत राजूर गाठायचो. दिवसभर उपास, मधे साबुदाण्याची खिचडी आणि चंद्रोदयानंतर ताट भरून जेवण, वर तळणीचे मोदक. आता हिशेब मांडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळाच पिष्ट, प्रथिनं नावाला. पाणी कमी पडणं माझ्यासाठी धोक्याचं. आणि दिवसाचं सगळं जेवण रात्री एका बैठकीत, हे तर या पोटाला अशक्यच. मी उपास सोडला. राजूरला जाणं सोडलं नाही. आईला हे पटायला वर्ष गेलं. मला पटायला त्याहून थोडं जास्त.

कारण पोट कापलं तरी डोक्यातली भूक तशीच राहते. पिंपळगाव रेणुकाईच्या हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचं तेल आणि गरम भाकरी दिसली की हात आपसूक पुढे जातो. दुसऱ्या घासाला पोट म्हणतं 'पुरे', आणि मन म्हणतं 'आत्ताच तर बसलो'. या भांडणाबद्दल मी आधी कुणाशी बोललो असतो, तर बरं झालं असतं.

प्रथिनांची बेरीज रोज करावी लागते. मला दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम सांगितली आहेत. आम्ही माळकरी, अंडीसुद्धा नाहीत. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, कपभर दुधातून जवळपास तेवढीच, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. एका वेळी वाटीभरच जातं, तेव्हा ताटातला पहिला मान डाळीचा आणि शेवटचा भाताचा. गंमत म्हणजे ज्या सोयाबीनला आम्ही आजवर फक्त भाव विचारत आलो, ते आता भाजून-दळून आमच्या घरच्या पिठात असतं. तिसऱ्या महिन्यानंतर केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा घरात रडारड झाली. झपाट्यानं वजन उतरलं की असं होतं. केस बहुतेकांचे परत येतात. माझे आले, होते तेवढे.

आता माझी चूक सांगतो. चौदा महिन्यांत वजन ८४ किलोवर आलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, घोरणं थांबलं, पूर्णेच्या पुलापर्यंत चालत जाऊन न थांबता परत येऊ लागलो. वाटलं, आपण सुटलो. मग जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा कंटाळा केला आणि तपासणीला जाणंही सोडलं. वर्षभरानं पायांना मुंग्या येऊ लागल्या. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. अंधारात चालताना तोल जायला लागला. रक्त तपासलं, तर बी-१२ तळाला गेलेलं. हे जीवनसत्त्व अन्नातून घ्यायला जठरात तयार होणारा एक पदार्थ लागतो. माझं जठरच पाव राहिलेलं. त्यात बी-१२ मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून, म्हणजे शाकाहाऱ्यांना दूधदुभत्यातून तेवढंच. म्हणून माझ्यासारख्याचा साठा मुळातच कमी. इंजेक्शनं सुरू झाली. तोल सावरला, पण डाव्या पायाच्या बोटांत बधिरपणा अजून आहे. उशीर झाला की नसा पूर्ण भरून येतीलच असं नाही. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ हे सगळं जन्मभर घ्यायचं आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासायचं. हे ऑपरेशनच्या आधी दहादा सांगितलेलं असतं. तेव्हा कान वजनाच्या आकड्याकडे असतात.

सध्या मी ८९ किलोवर आहे. पाच किलो कुठून आले? शिक्षकांच्या खोलीतल्या चहा-बिस्किटातून. भाकरी पोटात थांबते, पोट भरल्याचं सांगते. शेव, फरसाण, बिस्किटं मात्र भुगा होऊन सरकत जातात आणि पोट तक्रारच करत नाही. हे मला पाच किलो वाढल्यावर समजलं. हल्ली कुणी विचारतं, 'आता आठवड्याला टोचायची इंजेक्शनं निघालीत, मग कापाकापी कशाला?' २०२५ पासून ती आपल्या देशात बऱ्यापैकी मिळू लागली आहेत. कुणाला काय योग्य, ते डॉक्टरांनी ठरवावं. पण सुई घेतली तरी ताटासमोर बसायचं आपल्यालाच असतं.

आईचं राहिलं. ऑपरेशननंतर कितीतरी महिने ती माझ्या वाटच्या तीन भाकरी थापतच होती. उरलेल्या गाईला जायच्या. एकदा म्हणाली, 'माझ्या हाताची चव गेली का रे?' काय उत्तर द्यावं कळेना. मी तिच्याजवळ चुलीपुढे बसून डाळीची वाटी संपवून दाखवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परातीत शेवटचा गोळा उरला, त्याची तिनं छोटी चानकी थापली. लहानपणी शाळेत जाताना माझ्या हातावर ठेवायची, तशी. आता रोज तीच असते. तिच्यावरचं लोणी मात्र तिनं कमी केलेलं नाही, आणि मीही अजून ते सांगितलेलं नाही.