उरलेल्या दोन जादूगारांचे काय झाले?

एकाच ग्रंथावर जीव जडलेले दोन वाचक प्रथमच परस्परांस भेटले, की कुशलप्रश्न आटोपण्याच्या आतच त्यांच्यात एक परीक्षा सुरू होते, आणि ती परीक्षा बाहेरच्या माणसास निव्वळ पाठांतराची चढाओढ वाटते, परंतु जे. आर. आर. टॉल्किन यांनी निर्माण केलेल्या मिडल-अर्थ या कल्पितसृष्टीच्या चाहत्यांनी गेल्या सत्तरएक वर्षांत एकमेकांस कोणते प्रश्न घातले, त्या प्रश्नांचे निवाडे कोणाच्या साक्षीवर झाले आणि झालेले निवाडे पुढे कसे फिरले, याचा मागोवा घेतला असता असे दिसते, की या परीक्षेतून ग्रंथ वाचण्याची एक सूक्ष्म आणि आदरणीय रीतच हळूहळू सिद्ध होत गेली.

ही प्रथा टॉल्किनपासून सुरू झाली असे नव्हे. शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगतींची विद्वत्तापूर्ण छाननी रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डलाच एका निबंधात केली होती. आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे होम्सभक्तांचे मंडळ स्थापन झाले, तेव्हा होम्सच्या कथांवर रचलेले एक शब्दकोडे साप्ताहिकात प्रसिद्ध करून ते सोडविणारास सभासदत्वाचा अधिकार देण्यात आला होता. परंतु होम्सचे लंडन हे खरे लंडन होते. तेथील गाड्यांची वेळापत्रके, रस्त्यांचे नकाशे आणि हवामानाच्या नोंदी ग्रंथाबाहेर उपलब्ध असल्याने वादास बाहेरचा पुरावा आणता येत असे. मिडल-अर्थच्या बाबतीत असे दप्तर कोठेच नव्हते. तेथील पर्वत, भाषा, वंशावळी आणि पंचांगे सर्वच एका माणसाच्या मस्तकातून निघालेली असल्यामुळे साक्षीदार एकच, आणि तोही हयात, ऑक्सफर्डात अध्यापन करणारा व आलेल्या पत्रांस कित्येक वेळा आठआठ-दहादहा पृष्ठांची उत्तरे लिहिणारा.

या साक्षीदाराची जबानी स्थिर नव्हती, ही गोष्ट मात्र आरंभापासूनच लक्षात घ्यावयास हवी. १९३७ च्या सप्टेंबरात ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले, त्यातील पाचव्या प्रकरणात कथानायक बिल्बो आणि गुहेत राहणारा गोलम यांच्यात अंधारात कूटप्रश्नांचा सामना होतो. आपण हरलो तर बिल्बोला काय द्यावयाचे गोलमने कबूल केले होते, असा प्रश्न त्या पहिल्या आवृत्तीच्या वाचकास विचारला असता, तर ‘एक भेटवस्तू’ हे बिनचूक उत्तर ठरले असते, आणि ती भेटवस्तू म्हणजे दुसरे काही नसून गोलमजवळची जादूची अंगठीच होती. पुढे या अंगठीस जे भयंकर महत्त्व आले त्याच्याशी हा उदारपणा जुळेना, म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले. १९५१ च्या आवृत्तीपासून गोलम केवळ बाहेरची वाट दाखविण्याचे वचन देतो. इतकेच करून ते थांबले नाहीत. पहिल्या आवृत्तीतील हकीकत बिल्बोने आपला हक्क शाबीत करण्यासाठी रचलेली होती, असे ठरवून त्यांनी जुन्या पाठालाही कथेतच स्थान दिले. ग्रंथकाराने आपली चूक पुसून न टाकता तिला पात्राच्या स्वभावाचा पुरावा बनवावे, यापरते चतुर आणि मनोहर संपादन मला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

१९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड बाहेर पडले. तिसऱ्या खंडास राजांच्या बखरी, कालक्रम, कुलवृत्तान्त, पंचांगे, लिप्या व भाषा यांची दीर्घ परिशिष्टे जोडलेली होती. तथापि आधी आश्वासन दिलेली नामसूची त्यात नव्हती. ही परिशिष्टे तयार होत असतानाच, १९५५ च्या मार्चमध्ये, टॉल्किन यांनी प्रकाशक रेनर अन्विन यांस कळविले होते, की या साऱ्या प्रकाराकडे एक प्रचंड खेळ म्हणून पाहण्याची जी प्रवृत्ती दिसते ती हितकर आहे किंवा नाही याची आपणास शंका वाटते, आणि आपल्यापुरती तर ती खचितच हितकर नाही, कारण अशा गोष्टींचा मोह आपणास फारच अनावर आहे. हे पत्र वाचताना त्या वृद्ध प्राध्यापकाविषयी ममता दाटून येते. वाचकांनी खेळू नये असे त्यास वाटत होते, आणि खेळाचे सर्व साहित्य तो स्वतःच्याच हातांनी त्यांच्यापुढे मांडीत होता.

पण या इतिहासातील सर्वांत मोलाचा कागद मला वाटतो तो १९५८ च्या ऑक्टोबरातील. ऱ्होना बीअर नावाच्या एका वाचक स्त्रीने, आपल्यासारख्याच ग्रंथप्रेमींच्या बैठकीत वाचून दाखविता यावीत म्हणून, काही प्रश्नांची उत्तरे टॉल्किन यांजकडे मागितली. चाहत्यांच्या आपसातील परीक्षेचा वाद प्रत्यक्ष निर्मात्यासमोर निवाड्यास गेल्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळातील दुसरे क्वचितच मिळेल. त्या प्रश्नांतील एक असा होता, की एल्फ लोक खोगीर आणि लगाम यांवाचूनच घोड्यावर बसतात, असे असता ग्लॉरफिंडेल या एल्फ सरदाराच्या घोड्याला लगाम कसा? एखादे चटकदार उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. तसे एक उत्तर टॉल्किन यांस सुचलेही. परंतु लगेच त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, की तो शब्द निष्काळजीपणाने पडला, ते प्रकरण फार पूर्वी लिहिलेले असून एल्फांच्या अश्वविद्येचा विचार तोवर आपण केलेला नव्हता; आणि रत्ने व घंटिका जडविलेली शोभेची म्होरकी तेवढी त्या घोड्यास असेल, मुखात लोखंड खचितच नसेल, असा निर्णय देऊन पुढच्या आवृत्तीत त्यांनी मूळ मजकूर दुरुस्तही केला. एका वाचकाच्या प्रश्नाने ग्रंथाचा पाठ बदलला, याहून मोठी सनद चाहत्यांच्या परीक्षेला कोणती हवी?

त्याच पत्रात उरलेल्या दोन जादूगारांचा विषय येतो. ग्रंथात सारुमान एकदा रागाच्या भरात पाच जादूगारांचा उल्लेख करून जातो, परंतु वाचकास भेटतात ते गॅन्डाल्फ, राडागास्ट आणि स्वतः सारुमान हे तिघेच. त्या दोघांविषयी टॉल्किन यांचे उत्तर असे, की त्यांच्याबद्दल आपणास स्पष्ट असे काही ठाऊक नाही. ते दूर पूर्वेस आणि दक्षिणेस दूत म्हणून गेले असावेत, बहुधा आपल्या कार्यात अपयशी झाले असावेत, आणि गुप्त पंथांचे व जादूच्या परंपरांचे मूळ त्यांच्यात असावे अशी शंका येते. स्वतःच निर्मिलेल्या पात्रांविषयी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणे ही काहींना पळवाट वाटेल. मला त्यात संशोधकाचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण हाती कागद नसता निर्णय देणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

१९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या प्रती निघाल्या आणि वाचकांचा पूर लोटला. न्यूयॉर्कला रिचर्ड प्लॉट्झ या तरुणाने त्याच वर्षी टॉल्किनप्रेमींचे मंडळ काढले, कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये मिथोपोइक सोसायटी उभी राहिली, आणि १९६९ मध्ये इंग्लंडात व्हेरा चॅपमन या बाईंनी टॉल्किन सोसायटी स्थापिली. या मंडळांत सभासद मिडल-अर्थमधील नावे धारण करीत, स्वतः चॅपमनबाई बेलाडोना टूक म्हणून ओळखल्या जात. अमेरिकेतील उत्साही वाचक दोन्ही देशांच्या वेळांतील अंतर न जाणता ऐन मध्यरात्री ऑक्सफर्डला दूरध्वनी करीत. या उपद्रवाने त्रासलेल्या टॉल्किन यांनी १९६८ मध्ये बोर्नमथला बिऱ्हाड हलविले. १९७१ मध्ये रॉबर्ट फॉस्टर यांचा वर्णानुक्रमे रचलेला मार्गदर्शक कोश ग्रंथरूपाने आला, आणि नाव-गाव-सनावळीच्या साध्या प्रश्नांचा रस तेव्हापासून कमी होत गेला. ज्याचे उत्तर कोशात पृष्ठांकासह सापडते, ते विचारण्यात पुरुषार्थ तो कोणता!

२ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन वारले आणि साक्षीदार गेला. वाद आता मिटतील असे कोणास वाटले असल्यास, घडले ते याच्या अगदी उलट. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी वडिलांच्या कागदपत्रांतून १९७७ मध्ये ‘द सिल्मारिलियन’, १९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’, आणि १९८३ ते १९९६ या काळात मिडल-अर्थच्या इतिहासाचे बारा खंड संपादून प्रसिद्ध केले. त्यांत एकेका कथेचे चारचार-पाचपाच खर्डे, खोडलेल्या ओळी, समासातील टिपा, सर्व तपशिलासह मांडलेले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पाने ज्याने चाळली आहेत, त्या मराठी वाचकास मुख्य पाठाखाली पसरलेल्या पाठभेदांच्या या विस्ताराचे नवल वाटणार नाही. भेद एवढाच, की येथील सर्व पाठभेद एकाच हाताचे होते.

याचा परीक्षेवर झालेला परिणाम विलक्षण होता. गिल-गॅलॅड या एल्फ राजाचा पिता कोण, हा प्रश्न १९७७ मध्ये ‘फिंगॉन’ या एका शब्दाने सुटत असे, कारण ‘सिल्मारिलियन’मध्ये तसे छापलेले होते, परंतु ती योजना कायम करणे ही संपादकाची चूक होती, आणि टॉल्किन यांचा अखेरचा विचार त्यास ओरोड्रेथचा पुत्र मानण्याचा होता, असे खुद्द ख्रिस्तोफर यांनीच पुढील खंडांत जाहीर केले. त्या दोन जादूगारांचेही तसेच. १९८० मध्ये त्यांस अलाटार आणि पॅलॅन्डो ही नावे व समुद्रासारखी निळी वस्त्रे मिळाली, आणि सारुमानाबरोबर पूर्वेस गेलेले ते परत आले नाहीत असे कळले. १९९६ मध्ये बाहेर आलेल्या, आयुष्याच्या अखेरीच्या एका लेखात मात्र त्यांची नावे मोरिनेख्तार आणि रोमेस्टामो अशी आहेत. ते कितीतरी आधी, मिडल-अर्थच्या दुसऱ्या युगातच आले होते, आणि त्यांनी पूर्वेकडील सेनांचे बळ खच्ची केले म्हणूनच पश्चिमेस विजय शक्य झाला, असा तेथील आशय आहे. १९५८ साली ज्यांच्यावर अपयशाचा ठपका होता ते पडद्याआडचे विजयी वीर ठरले. यांपैकी खरे कोणते? जाणता परीक्षक आता उत्तर विचारीत नाही. कोणत्या साली लिहिलेल्या कागदाचा दाखला देता, असे विचारतो.

कागदांनी न सुटणारे वादही आहेत, आणि त्यांत बालरॉगच्या पंखांचा वाद प्रसिद्ध आहे. मोरिया या भूमिगत नगरीतील पुलावर त्या अग्निदैत्याभोवतीची छाया दोन प्रचंड पंखांसारखी पसरली असे प्रथम सांगितले आहे, आणि थोड्याच ओळींनंतर त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणले गेले असे म्हटले आहे. दुसरे वाक्य पहिल्या उपमेचाच विस्तार मानावा, की प्रत्यक्ष अवयवाचे वर्णन? माझा कौल उपमेच्या बाजूस आहे, कारण त्या प्रसंगातील भय छायेच्या अनिश्चितपणातच साठविलेले आहे. पण विरुद्ध पक्षाचे म्हणणेही व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पुष्कळ वाचक गद्यातील एका उपमेवर वर्षानुवर्षे इतक्या कसोशीने भांडतात, ही साहित्यास भूषणावह गोष्ट आहे.

२००१ ते २००३ या काळात पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट आले. बालरॉगला पडद्यावर खरेखुरे पंख फुटले, आणि चाहत्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. याच सुमारास परीक्षेचे एक अप्रशस्त रूपही बळावले: केवळ चित्रपट पाहून आलेल्या नवख्यास, आणि विशेषतः मुलींना, एखादा आडवळणाचा प्रश्न घालून ‘तुम्ही आमच्यातले नव्हेत’ असा हुकूम सुनावणे. हा प्रकार मला मनापासून क्लेशदायक वाटतो. ग्रंथाचा मजकूर सुधारून घेणारा प्रश्न एका स्त्रीने विचारला होता आणि इंग्लंडातील मंडळ एका स्त्रीने उभारले होते, याचे विस्मरण ज्यांना पडते, त्यांनी इतरांच्या स्मरणाची उलटतपासणी घ्यावी हे न्यायास धरून नाही.

ख्रिस्तोफर टॉल्किन २०२० च्या जानेवारीत निवर्तले. तरी दप्तर बंद झालेले नाही. २०२१ मध्ये कार्ल हॉस्टेटर यांनी उरलेल्या टिपणांचा एक खंड संपादिला आणि २०२३ मध्ये टॉल्किन यांच्या पत्रसंग्रहाची वाढविलेली आवृत्ती निघाली. हॉस्टेटर यांच्या खंडात दाढ्यांविषयी एक लहानसे टिपण आहे: एल्फांचा रक्तांश ज्यांच्या वंशात होता त्यांस दाढी येत नसे, म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील अॅरॅगॉर्न, बोरोमिर आणि फॅरामिर हे तिघेही वीर बिनदाढीचे होते. चित्रपटांतील बोरोमिरास दाढी आहे, अॅरॅगॉर्नही खुरटी दाढी राखूनच वावरतो, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मूळ मजकूर या बाबतीत मौन पाळतो, त्यामुळे अॅरॅगॉर्नला दाढी होती काय, या प्रश्नावर सध्या चाहत्यांत तीन पक्ष असून तिघांपाशीही आपापला दाखला तयार आहे.