इंजिनाला श्वास का घेता येईना?

रविवारी सकाळी मंडईत भाजी घेतली, की मागच्या गल्लीतल्या दुचाकीच्या गॅरेजमध्ये डोकावायचे, हा माझा जुना शिरस्ता. गेले दोन महिने त्याला कारणही होते. वडिलांची बजाज चेतक तिथे उभी होती. 1972 साली बाजारात आलेल्या या स्कूटरने पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीचे संसार वाहिले. आमची चेतक मात्र बारा वर्षे पार्किंगमध्ये धूळ खात होती. मिस्त्रींनी तिचे 'हाफ इंजिन' केले. म्हणजे बोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे गॅस्केट. सगळे नवे, पण गाडी काही सुरू होईना.

किका मारून झाल्या, गाडी तिरकी करून झाली, दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून झाली. मग प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर बदलला. ताप उतरत नाही म्हणून रोज नवे औषध द्यावे, तशातला हा प्रकार. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, की कशाने फरक पडला हेही कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्रास झाला, तर आम्ही आधी विचारतो : काय उघडले होते, आणि काय तसेच राहिले? तोच प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. ते हसले. "डॉक्टरसाहेब, वरचं सगळं नवीन आहे. खालचं उघडलंच नाही."

इंजिनाची तपासणीही क्रमाने करावी लागते. पहिला करंट. प्लग काढून, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून किक मारली, की ठिणगी दिसली पाहिजे (हे करताना आसपास पेट्रोल सांडलेले नको). दुसरे कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली, की हवेने तो उडवला पाहिजे. तिसरे पेट्रोल. पाच-सहा किकांनंतर प्लग काढून पाहावा. ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त होते आहे; कोरडा असेल तर ते वरपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या गाडीचा करंट उत्तम, कॉम्प्रेशन कडक, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलेले. प्लग मात्र कोरडा ठणठणीत.

इथे टू-स्ट्रोकची खासियत लक्षात घ्यावी लागते. हे इंजिन आपल्या छातीसारखा श्वास घेते. श्वास घेताना पडदा खाली जातो, छातीतला दाब कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला, की त्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब कमी होतो आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, हवा व ऑइलचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला, की तेच मिश्रण वर ढकलले जाते. छातीच्या भिंतीला भोक पडले, तर हवा त्या भोकातून शिरते आणि फुप्फुस फुगत नाही. क्रँककेसचेही तसेच. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑइल सील असतात. ती कडक होऊन फाटली, की बाहेरची हवा तिथून शिरते आणि पेट्रोल ओढलेच जात नाही.

खात्रीसाठी मिस्त्री म्हणाले, "प्लगच्या भोकातून दोन थेंब पेट्रोल टाकून बघू." तेवढ्यात त्यांच्याकडच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने शेजारच्या गाडीच्या टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढली. दुसऱ्याच क्षणी तो खोकून खोकून लाल झाला. मी गाडी विसरलो.

पेट्रोल पोटात गेले, तर त्रास होतो. पण खरा धोका फुप्फुसांना असतो. ते इतके पातळ असते, की घोट चुकला तर थेट श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांना रासायनिक सूज आणते. लक्षणे काही तासांनीही वाढू शकतात. अशा वेळी उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचे नाही. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. भिजलेले कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी आणि खोकला किंवा दम लागत असेल तर तडक रुग्णालय गाठावे. मी त्याला आमच्या सरकारी रुग्णालयात नेले. संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवले, छातीचा एक्स-रे काढला. सुदैवाने काही निघाले नाही. "साहेब, सगळेच असं काढतात की," तो म्हणाला. खरे आहे. म्हणूनच हे लिहितो आहे.

पुढच्या रविवारी ते दोन थेंब टाकले. इंजिन दोनदा फटफटले आणि बंद पडले. म्हणजे करंट, कॉम्प्रेशन ठीक होते, अडचण श्वासाची होती. मॅग्नेट काढला, तर मागे तेलाचा काळा थर आणि कडक होऊन चिरलेले सील. नवे सील बसवल्यावर चौथ्या किकला चेतक सुरू झाली.

अशी गाडी सुरू करायची ती उघड्यावर, बंद गॅरेजात नव्हे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी बाहेर पडावे.

गॅरेजमध्ये आता पेट्रोल काढायला हाताने दाबायचा छोटा पंप आला आहे. जुनी नळी मिस्त्रींनी माझ्यासमोर कापून टाकली. चेतकपेक्षा मला त्याचे समाधान जास्त वाटले.