दोन पेगचे चार कसे होतात?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअॅट्रिक सर्जरी, आता काही मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचीच राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातूनही माणसं शहरात जाऊन ऑपरेशन करून येतात. मग घरी पेज किती द्यायची, प्रथिनांची पावडर कधी, गोळ्या कोणत्या, हे सगळं आपण वहीत लिहून ठेवतो. एक गोष्ट विचारायला मात्र जीभ रेटत नाही. ती म्हणजे दारू!

"आमच्याकडे कुणी घेत नाही हो," असं आपण पटकन म्हणून टाकतो. खरं काय ते ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक असतं.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींकडे यावरून बरेच दिवस धुसफूस चालली होती. यजमानांचं गॅस्ट्रिक बायपास झालेलं. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, सगळे खूश. पण एका लग्नाहून आले ते भिंतीला धरूनच. "दोनच पेग घेतले गं," असं शपथेवर सांगत होते. वहिनींचा विश्वास बसेना. पूर्वी दोन पेगनंतर हाच माणूस दुकानाचा हिशेब तपासायचा! "खोटंच बोलतात ना हे?" त्यांनी मला विचारलं. मी याबद्दल वाचलं, डॉक्टरांशी बोलले आणि त्यांना सांगितलं, "नाही वहिनी, ते खरं बोलत असणार. म्हणूनच जास्त जपायला हवं."

असं का होतं? एरवी पोटात गेलेली दारू काही काळ जठरात थांबते. तिथे तिचा थोडा भाग मोडला जातो आणि उरलेली हळूहळू लहान आतड्यात उतरते. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलीलीटरचा कप्पा ठेवतात आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मग दारू थांबणार कुठे? ती सरळ आतड्यात जाते आणि काही मिनिटांतच रक्तात भिनते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्टा यानिना पेपिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या सगळ्या स्त्रियाच होत्या. काहींचं बायपास झालं होतं, काहींचं व्हायचं होतं. निष्कर्ष असा, की ऑपरेशननंतर दोन ड्रिंक्सचा परिणाम पूर्वीच्या चारांइतका होतो! तिथलं एक ड्रिंक म्हणजे सुमारे ४५ मिली व्हिस्की. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलीचा, हे विसरू नका. 'स्लीव्ह' ऑपरेशननंतरही दारू अशीच लवकर आणि जास्त चढते, असं याच संशोधकांना पुढे २०१८ मध्ये दिसलं.

यातून गाडी चालवण्याचा धोका तर आहेच. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. "एकच घेतलाय, मोटरसायकल नेतो," हे आता चालणार नाही.

दुसरा धोका व्यसनाचा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १,९४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतेक स्त्रियाच होत्या. दारूच्या समस्येचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं. पहिल्या वर्षी ते ७.३ टक्के राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे घरातल्यांचं लक्ष उडतं, तेव्हाच हे डोकं वर काढतं.

"आम्ही बायका कुठे घेतो?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, कपाटातली औषधाची बाटली एकदा बघा. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव... आसव-अरिष्टांमध्ये मुरताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. मात्रा थोडी असते, त्यामुळे घाबरू नका. पण ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

ऑपरेशन वाईट आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. अनेकांचा मधुमेह त्याने आटोक्यात येतो. फक्त एवढं लक्षात ठेवा:

• ऑपरेशनआधीच डॉक्टरांना घरातल्या पिण्याबद्दल खरं ते सांगा. लपवू नका.

• पहिले सहा महिने ते वर्षभर दारू बंद ठेवायला डॉक्टर सांगतात. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं!

• प्यायल्यावर घाम, थरथर, बडबड दिसली तर "चढली" म्हणून झोपवून ठेवू नका. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच तपासा.

• शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

• सतत उलट्या होत असतील आणि त्यात तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं सुरू झालं, तर तातडीने दवाखाना गाठा. बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ती खूण असू शकते.

• पिणं वाढतंय असं वाटलं, तर भांडणात वर्ष घालवू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

वहीत गोळ्यांच्या वेळा लिहिता ना? त्याच पानावर हेही लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच असू द्या.